पाडू नको, ठेव

आवाज मोठा नव्हता. आमटीत घालायला शेवग्याची शेंग मोडावी, तेवढाच. पंखे घरघरत होते, शेजारी तीन जोड्या मॅटवर झटत होत्या, खाली रस्त्यावर पावसात भिजलेली कुणाची तरी गाडी किका मारूनही सुरू होत नव्हती. त्या सगळ्या गलक्यातून तो आवाज मला स्वच्छ ऐकू आला, कारण तो माझ्याच मांडीखाली झाला. जिउ-जित्सू या झटापटीच्या खेळात सहन होईनासं झालं की मॅटवर नाहीतर समोरच्याच्या अंगावर दोनदा थाप मारायची, समोरचा लगेच सोडतो. तिने थाप मारली नाही. नुसतं "ताई" म्हणाली, घरात हाक मारावी तसं. मी बाजूला सरकले तेव्हा तिने दोन्ही हातांनी गुडघा धरला होता आणि ती छताकडे बघत होती. २२ वर्षांची मुलगी. संध्याकाळच्या बॅचला माझ्याखेरीज येणारी एकटीच बाई. सरांनी बर्फ आणला, कुणी पाणी आणलं. मी तिच्या उशाशी बसून तिच्या कपाळावरचे घामेजलेले केस मागे सारत राहिले. दुसरं काही सुचत नव्हतं.

गुडघ्याचा आतल्या बाजूचा लिगामेंट अर्धवट फाटला होता. एमआरआयच्या कागदावर 'ग्रेड दोन' असं लिहिलेलं. ज्याची सगळ्यांना धास्ती असते तो एसीएल, गुडघ्याच्या मधला लिगामेंट, शाबूत होता, त्यामुळे ऑपरेशन टळलं. पट्टा लावून सहा आठवडे काढायचे, मग हळूहळू व्यायाम. रात्री तिचा मेसेज आला, "ताई, मनाला लावून घेऊ नका, खेळात चालायचंच." तो मेसेज मी पुढच्या चार दिवसांत कितीदा उघडला असेन. ऑफिसात, भाकरी तव्यावर असताना, मुलाची शिकवणी सुटायची वाट बघत स्कूटरवर बसल्या बसल्या. तिने मला माफ केलं होतं. मला खुपत होतं ते निराळंच. तो डाव मी रागात किंवा ईर्ष्येत मारलेला नव्हता. चांगला विचार करून, अभ्यास करून निवडलेला होता.

कमी धोक्याचा म्हणून.

मी ३९व्या वर्षी जिउ-जित्सू सुरू केलं. आज ४४ वर्षांची आहे, वजन ५७ किलो, कमरेला निळा पट्टा. या वयात जमिनीवरची झटापट अंगवळणी पडते, पण उभ्याने समोरच्याला खाली आणायची वेळ आली की पोटात गोळा येतो. आमच्याकडे जागा कमी, त्यामुळे बरेचदा गुडघ्यांवर बसूनच सुरुवात होते आणि उभ्याचा सराव मागे पडतो. म्हणून मी एक वही केली होती. शंभर पानी, किराणा दुकानात मिळते तसली. एकेका पानावर एकेक डाव आणि खाली एकच प्रश्न: फसला तर मी कुठे? दुहेरी पट, म्हणजे तिचे दोन्ही पाय, काढायला वाकले आणि फसले, तर माझी मान तिच्या काखेत, म्हणजे गिलोटिन, गळा आवळणारी पकड. कमरेवरून फेकायला वळले आणि फसले, तर माझी पाठ तिच्या छातीशी. जिउ-जित्सूत याहून वाईट जागा नाही. गुडघ्यांवर बसून खांद्यावरून टाकायला गेले, तरी तेच. असं करत करत मी तानी ओतोशीपाशी आले. ही जुदोतली फेक. बाजूला जायचं, समोरच्याच्या टाचांमागे पाय आडवा टाकायचा आणि आपण मागे बसता बसता त्याला ओढून घ्यायचं. उचलायला ताकद लागत नाही, पाठ द्यावी लागत नाही, फसला तरी आपण बसलेल्याच. त्या पानावर मी लाल पेनने बरोबरची खूण केली होती.

हिशेब माझ्यापुरता बरोबर होता. आपण पुरत्या मागे न जाता बाजूलाच बसलो आणि समोरचीने पाय रोवलेला असला, तर आपलं सगळं वजन बाहेरून तिच्या गुडघ्यावर येतं. गुडघा पुढेमागे वाकतो. बाजूला वाकायला तो केलेलाच नाही. हे मला माहीत नव्हतं असंही नाही. सरांनी एकदा सांगितलं होतं आणि मी मान डोलावली होती. तिचा पाय दोन मॅटच्या सांध्यात घट्ट बसला होता, तिने मागे जायचं नाही म्हणून सगळा भार त्याच पायावर घेतला होता, आणि मी बसले.

रविवारी डाळिंबं घेऊन तिच्या घरी गेले, हडपसरला. दार तिच्या आईने उघडलं. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असावी. ती मला बोलेल याची मनाची तयारी करून गेले होते, काही उत्तरंही जुळवून ठेवली होती. तिने आत बोलावलं, चहा टाकला आणि समोर मेथी निवडत बसली. मुलगी आतल्या खोलीत पाय उशीवर ठेवून झोपली होती. बराच वेळ मेथीच्या काड्या मोडल्याचा बारीक आवाज. मग वर न बघता तिने विचारलं, "पाडायलाच लागतं का हो? बसून नाही का खेळता येत?" त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

बसून खेळता येतं. हेच मला तिला नीट सांगता आलं नाही. जिउ-जित्सूत तुम्ही समोरच्याची कॉलर आणि बाही धरून सरळ खाली बसू शकता, पाय त्याच्या अंगाशी लावून. त्याला गार्ड ओढणं म्हणतात. खाली पाडलं तर दोन गुण मिळतात, आपणहून बसलं तर काही मिळत नाही, पण नियमाने ते चोख आहे आणि मोठमोठे खेळाडू तसंच करतात. १९५१ साली रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये जपानी जुदोपटू मासाहिको किमुराने ब्राझीलच्या जिउ-जित्सूतल्या एलिओ ग्रेसीला पुन्हा पुन्हा उचलून आपटलं, पण त्या आपटण्यांनी लढतीचा निकाल लागला नाही. तो लागला खाली, जमिनीवर, दंड पिरगळून. पडणं म्हणजे हरणं नव्हे, ही या खेळाची पहिली इयत्ता. मग मी का बसत नव्हते? त्या मेथीच्या जुडीसमोर बसून मला पहिल्यांदा कळलं की मला पाठ टेकवायची लाज वाटते. पाच वर्षं शिकूनही वाटते.

ही लाज कऱ्हाडकडची आहे. आमचं गाव तिथून जवळ, खाशाबा जाधवांच्या गोळेश्वरपासून सायकलने जाण्यासारखं. माझे आबा गावच्या तालमीचे वस्ताद होते. खाशाबा १९५२ साली हेलसिंकीहून ब्राँझ पदक घेऊन आले तेव्हा बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती, ती आबांनी पाहिली होती. ते सांगायला लागले की बैलांच्या झुलींचे रंगसुद्धा सांगायचे. "सत्तावन किलूचं माणूस," म्हणायचे, "पर हाताला गावायचं न्हाय." दिवस उगवायच्या आत मी त्यांचा दुधाचा तांब्या घेऊन तालमीच्या उंबऱ्यापर्यंत जायची. आत जायचं नाही. मुलींनी तालमीत पाऊल टाकायचं नाही हे मला कुणी सांगितल्याचं आठवत नाही. विस्तवाला हात लावू नये हे जसं ठाऊक असतं तसं ते ठाऊक होतं. बाहेरूनच दिसायचं. बुटक्या दारातून येणारा उजेड, कोनाड्यातला मारुती, हौदातली तांबडी माती. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू कालवलेलं असायचं, आणि पोरांच्या घामाने ती तापली की एक आंबूस, उबदार वास यायचा. तो वास मला अजून कधी कधी ताकाची कढी उकळताना येतो. २०२३ साली सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडी जिंकली. त्या रात्री मोबाईलवर ती कुस्ती बघताना मला आबांची फार आठवण झाली. त्यांना ती आवडली असती की नाही, हे मला खात्रीने सांगता येत नाही. आवडली असती असं मी धरून चालते.

त्या उंबऱ्यावरून मी पाहिलेली कुस्ती डोळ्यांतून अंगात उतरली असावी. पाठ लागली की संपलं. आमच्याकडे दुकान बुडालं तरी 'पाठ लागली' म्हणायचे. मातीत गडी अडचणीत आला की पालथा होतो, छाती मातीला चिकटवतो, आणि वरचा त्याला सवारी भरून, घिस्सा लावून उलटा करायला बघतो. पालथं राहणं म्हणजे जीव वाचवणं. जिउ-जित्सूत हे सगळं उलटं. पाठीवर पडलात तर तुमच्यापुढे पाय आहेत, हात आहेत, तुम्ही लढताय. पालथे झालात की समोरचा पाठीवर चढतो, चार गुण घेतो आणि गळ्याखालून हात घालतो. पहिल्या सहा महिन्यांत मी दर वेळी पालथी व्हायचे आणि दर वेळी गळा आवळला जायचा. सर म्हणायचे, "अहो, पाठ टेकवा, काही होत नाही." आणि मला उंबऱ्यावर उभे असलेले आबा दिसायचे. आजही गार्ड ओढून बसताना पाठ मॅटला टेकते, तेव्हा क्षणभर कानामागे गरम होतं. म्हणून मला उभ्यानेच जिंकायचं होतं, आणि उभ्याने जिंकताना स्वतःला काही होऊ द्यायचं नव्हतं. या दोन हट्टांच्या मधे तिचा गुडघा आला.

आबांचा डावा गुडघा पुरता वाकायचा नाही. जेवताना ते पाटावर एक पाय लांब करून बसायचे. थंडीत आजी निरगुडीचा पाला गरम करून बांधायची आणि खोलीभर त्याचा कडवट वास पसरायचा. आम्हा पोरांना वाटायचं, कुठल्या तरी मोठ्या मैदानात, ढोल वाजत असताना, नावाजलेल्या पैलवानाने तो मोडला असणार. विचारलं की ते म्हणायचे, "मोडला. झालं." दर वर्षी गुऱ्हाळं लागली की शेजारच्या गावाहून एक उंच म्हातारा गुळाची ढेप घेऊन यायचा. दोघे ओट्यावर बसायचे. फारसं बोलायचे नाहीत. ऊस कसा आहे, पाणी किती आहे, एवढंच. आजी त्याला चहाऐवजी दूध द्यायची. आबा गेले तेव्हा दहाव्याला तो आला होता, नदीच्या घाटावर सगळ्यांच्या मागे काठी टेकून उभा. परतताना माझ्या वडलांनी सांगितलं, तो आबांचा तालमीतला जोड. रोजच्या सरावात, साध्या मंगळवारी की बुधवारी, त्याच्याच टांगेत आबांचा गुडघा गेला होता. त्यानंतर आबा मैदानात कधी उतरले नाहीत, आणि तो म्हाताराही उतरला नाही.

ढेप चाळीसेक वर्षं येत होती.

हे सगळं मला हडपसरहून परत येताना, स्वारगेटच्या सिग्नलला थांबले असताना आठवलं. आणि त्यापाठोपाठ आबांची एक ओरड आठवली, जी मी लहानपणी शेकडो वेळा ऐकली होती आणि जिचा मला राग यायचा. एखाद्या पोराने दुसऱ्याला कमरेतून उचललं, आता दणकन आपटणार, बघायला मजा येणार, की आबा हौदाच्या कडेवरून ओरडायचे, "आरं, पाडू नगंस! ठेव! ठेव त्याला खाली! उद्याच्याला बी त्याच्यासंगंच खेळायचंय." आणि ते पोरगं चडफडत, उचललेल्या जोडीदाराला पोत्यासारखं हळू खाली ठेवायचं. उंबऱ्यावर मी हिरमुसायची.

नंतरच्या आठवड्यांत मी पुष्कळ वाचलं, पुष्कळ व्हिडिओ पाहिले, रात्री सगळे झोपल्यावर. त्यातली एक गोष्ट डोक्यातून जात नाही. १९८० साली जपानमध्ये जुदोच्या लढतीत एंदो सुमिओने यामाशिता यासुहिरोवर कानी बासामी मारली. नावाचा अर्थ खेकड्याची कात्री: एक पाय समोरच्याच्या पोटावर आडवा, एक गुडघ्यांमागे, आणि आपण बाजूने अंग टाकायचं. यामाशिताच्या पायाचं हाड मोडलं. तो त्यातून उठला, १९८४ साली लॉस एंजेलिसला सुवर्णपदकही जिंकला. तो डाव पुढे जुदोत बंद झाला. आंतरराष्ट्रीय ब्राझिलियन जिउ-जित्सू फेडरेशनच्या नियमांतही तो बसत नाही. उडी मारून समोरच्याच्या कमरेला पायांचा विळखा घालणं पांढऱ्या पट्ट्यांना, म्हणजे नवशिक्यांना, मना आहे, कारण समोरच्याचा गुडघा ते वजन झेलताना जातो. गार्डमध्ये धरलेल्याने धरणाऱ्याला उचलून आपटणंही मना. तानी ओतोशीला मात्र नियमांची आडकाठी नाही. नियमाप्रमाणे माझं काहीच चुकलेलं नव्हतं. हे वाचून मला हलकं वाटायला हवं होतं. उलट छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं, आणि मी उठून वही काढली.

प्रत्येक पानावर दुसरा प्रश्न लिहिला: लागला तर ती कुठे?

मग पानं पुन्हा पहिल्यापासून बघत गेले आणि वहीचा चेहराच बदलला. तानी ओतोशीच्या पानावर मी काट मारली. एकेरी पट, एकच पाय धरण्याचा, राहिला, पण डोकं आत, तिच्या छातीशी लावून, आणि पाय उचलल्यावर पिळायचा नाही, गोल चालत जाऊन तिला बसवायचं. टाच धरणं राहिलं: मानेवर हाताचा भार देऊन तिचं वजन एका पायावर आणायचं आणि त्याच पायाची टाच ओंजळीत घ्यायची. ती ढुंगणावर बसते, एवढंच. कॉलर ड्रॅग तर मला जिवाभावाचा झाला. उजव्या हाताने तिची आडवी कॉलर खोलवर धरायची आणि आपण बाजूला बसत तिला तिरकं ओढायचं. लागला तर ती पुढे, तळहातांवर आणि गुडघ्यांवर येते, आणि मी तिच्या पाठीकडे वळते. फसला तर मी बसलेलीच असते, गार्डमध्ये, पाय पुढे. म्हणजे फसण्याची किंमत काय, तर पाठ टेकवण्याची ती जुनी लाज. ती किंमत आता मी देऊ लागले. महिनाभर रोज, सरांशी, पोरांशी, आपणहून खाली बसून खेळले. कानामागे गरम व्हायचं. होऊ दिलं.

आणि मग आशी बाराई. चालत्या पायाला पाय लावणं. यात जवळजवळ काहीच करायचं नसतं, आणि ते शिकायलाच सगळ्यात जास्त वेळ जातो. समोरची एक पाऊल पुढे टाकते. ते टेकायच्या आधी एक निमिष असं असतं की पाय खाली येतोय, पण वजन अजून त्यावर आलेलं नाही. अंधारात जिन्याची शेवटची पायरी आहे असं समजून आपण पाऊल टाकतो आणि पायरी नसते, तो निमिष. तेव्हा आपल्या तळपायाने तिच्या घोट्याला बाजूला सारायचं, वाटेतली चप्पल पायाने सरकवावी तसं. आधी मारलं तर हवा लागते. उशिरा मारलं तर घोट्यावर लाथ बसते आणि दोघीही कळवळतात. मी आठवडेच्या आठवडे उशिरा मारत होते. सरांनी माझे डोळे मिटायला लावले. बाही आणि कॉलर धरून नुसतं चालायचं, आणि तिचं वजन कुठल्या पायावर आहे ते कापडातून ओळखायचं. एके दिवशी ते खरंच ओळखू आलं. गीचं, म्हणजे खेळायच्या डगल्याचं, जाड कापड मुठीत किंचित ढिलं झालं आणि मला कळलं, आता पाय रिकामा आहे. तो लागला तेव्हा समोरचा ८० किलोचा मुलगा आवाज न करता खाली गेला. सर लांबून ओरडले, "बाही! बाही सोडू नका!" धरलेली बाही शेवटपर्यंत वर ओढून ठेवायची. म्हणजे पडणारा कुशीवर येतो, डोकं आपटत नाही, खांद्यावर भार येत नाही. तो जमिनीला टेकतो तेव्हाही त्याचा हात आपल्याच हातात असतो.

मी त्या मुलाची बाही धरून उभी होते आणि मला हौदाच्या कडेवर उभे आबा दिसले. या वेळी ते उंबऱ्यावर नव्हते. आत होते, आणि मीही.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात ती परत आली. पट्टा निघाला होता, फिजिओने हो म्हटलं होतं. दाराशी चप्पल काढताना तिने डावा पाय जरा जपून उचलला ते मी पाहिलं. तिने माझ्याकडे बघून हात केला आणि थेट माझ्यासमोर येऊन बसली. मी गुडघ्यांवर बसले. तीन-चार दिवस आम्ही तसंच खेळलो. शुक्रवारी ती म्हणाली, "ताई, उभ्यानं करूया ना." सर लांबून बघत होते. त्यांनी मान हलवली. आम्ही उठलो, बाह्या धरल्या. तिची मूठ पहिल्यापेक्षा घट्ट होती, माझी पहिल्यापेक्षा सैल. आम्ही गोल फिरत होतो. तिचा उजवा पाय पुढे आला, कापड ढिलं झालं, मला स्पष्ट कळलं. मी काही केलं नाही. पुन्हा तोच पाय. पुन्हा काही नाही. तिसऱ्यांदा ती थांबली.

"ताई, पाय रिकामा होता. का नाही मारला?"

मला उत्तर देता आलं नाही. "मारा की," ती म्हणाली, जरा चिडूनच. मग पुन्हा चालायला लागली. पंखे घरघरत होते. मी डोळे मिटले नव्हते, पण दिसत काही नव्हतं. नुसतं मुठीतलं कापड होतं. ते ढिलं झालं. तळपाय गेला. ती खाली जाताना मी दोन्ही हातांनी तिची बाही वर खेचली, इतकी की माझ्या बोटांची नखं पांढरी पडली. ती कुशीवर आली, बेताने, गादीवर वळावं तशी. मी वाकून तिच्या गुडघ्याकडे बघत राहिले, मग तिच्या चेहऱ्याकडे, मग पुन्हा गुडघ्याकडे. तिने दोन्ही पाय हलवून दाखवले. शेजारची जोडी थांबून आमच्याकडे बघत होती. तिचा हात अजून हवेत होता, माझ्या मुठीत.

"ताई," ती खालूनच हसली, "सोडा ना आता."